पूजेला मांडलेले टॅब

कुंदाताई गेल्याचं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचलं आणि मी आधी विश्वासच ठेवला नाही. असल्या निरोपांवर ठेवू नये, हे तिनंच शिकवलेलं. दाजींना फोन लावला, तर पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं... माझी ही आतेबहीण वैजापूरकडच्या एका खेड्यात गणित शिकवायची, शहरातल्या गारखेड्यातल्या घरून रोज एसटीनं जायची-यायची. संशय तिच्या रक्तातच होता. शहागंजच्या बाजारात साडी घेताना अख्खी घडी मोडायला लावायची. "आपा, भरोसा नहीं क्या?" दुकानदार विचारायचा. "भरोसा आहे, पण बघू द्या!"

तिच्या शाळेला कुणीतरी टॅब दिले. फोटो निघाले, भाषणं झाली आणि टॅब खोक्यांसकट मुख्याध्यापकांच्या कपाटात गेले. "पोरी फोडतील," सर म्हणायचे. पोरींच्या घरी फोन एकच, तोही बापासोबत शेतात नाहीतर भावाच्या खिशात. आठवीतल्या मनीषाला एका शिष्यवृत्तीची परीक्षा संगणकावर द्यायची होती आणि तिनं माउस कधी हातात धरला नव्हता. "त्या खोक्यांत काही नसणार बघ, विकून खाल्लं असणार," ताई म्हणायची. मलाही तेच वाटायचं. सरांचं गोड बोलणं मला कधी खरं वाटलं नाही.

खंडेनवमीला खोकी बाहेर आली... पूजेसाठी! शाळेची घंटा, प्रयोगाचं सामान यांच्या रांगेत ती मांडली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं. "सर, खोक्यांची कसली पूजा? उघडू द्या," असं म्हणत ताईनं एक फोडलंसुद्धा. मग बाकीची. टॅब होते. सगळे होते, वरचा प्लास्टिकचा कागदही तसाच. फक्त एकही चालू होईना. पडून पडून बॅटऱ्या फुगल्या होत्या. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ रडली. "चोरले असते तर बरं झालं असतं गं. कुण्या तरी लेकराच्या हाती तरी गेले असते."

तेव्हापासून मनीषा दर रविवारी गारखेड्याला येऊन ताईच्या घरच्या संगणकावर बसायची. परीक्षा तोंडावर आली आणि ताईला हृदयाचा झटका आला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी तिथंच होते. मनीषा दारात उभी. टेबलावर, संगणकाच्या पडद्यापुढं ताईचा फोटो, त्याला चंदनाचा हार. "राहू दे बाळा," दाजी म्हणाले, "आठवण आहे तिची. कुणी हात लावायचा नाही." दाजींचा जीव होता तिच्यावर, पण सरांचाही टॅबवर होताच की! मला राग आला. मी तोंड उघडणार, तोच मनीषा हळूच म्हणाली, "काका, बाईंना बाजूच्या खुर्चीवर बसवू का? त्या तिथंच बसायच्या. मला पडदा दिसंना."

दाजींनीच पुढं होऊन फोटो उचलून खुर्चीवर ठेवला. मनीषानं संगणक सुरू केला. दाजी तिच्या हातांकडं बघत उभे होते आणि मी दाजींकडं. दाजींवर भरोसा आहे, पण परीक्षा होईपर्यंत मी दर रविवारी गारखेड्याला जाणार आहे.