पायाळू माणसाचा पाय

आमचे मोठे दीर पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, एवढंच त्यांचं आयुष्यातलं कर्तृत्व, आणि तेही त्यांच्या आईचं. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने लाथ लावायची, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे सिन्नरला त्यांच्या दारात कण्हणारी माणसं यायची आणि दादा ओट्यावर उभे राहून पाय द्यायचे. साठी उलटली तरी त्या पायाचा माज उतरला नव्हता.

माझा नवरा कोरोनातून बरा होऊन घरी आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, या आजाराने रक्तात गाठी होतात, पाय सुजला तर तडक या. आठवडाभरात डावी पोटरी सुजली, तापली. मी रिक्षा बोलवायला निघाले तर हा म्हणाला, "दादा निघालेत सिन्नरहून. येऊ दे त्यांना, मग जाऊ." मला न विचारताच फोन केला होता.

दादा आले, मास्क हनुवटीवर. पोटरी दाबून म्हणाले, "शीर चढलीय, बाकी काय नाय. दवाखान्यावाल्यांना गिऱ्हाईक पायजे."

"दादा, आत गाठ असली तर?"

"असंल तर फुटंल."

फुटंल! जणू गळूच होतं ते. मी नवऱ्याकडे बघितलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा हा माणूस मुकाट्याने सतरंजीवर पालथा झाला. मोठ्या भावाला नाही म्हणायची हिंमत त्याच्यात कधी नव्हतीच. त्याला तो संस्कार म्हणायचा. मी दादांना हात धरून ओढलं, तर नवराच माझ्यावर खेकसला.

दादांनी पोटरीवर टाच ठेवली आणि भार देऊन रगडली. नवरा ओरडला. "उतरली बघ," दादा म्हणाले आणि चहा मागितला. ते बशीत चहा ओतत होते, तेवढ्यात हा उठून बसला आणि त्याला श्वासच पुरेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, पाय कुणी चोळला का? गाठ सुटून फुफ्फुसात जाऊन बसली होती. नवऱ्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, लेकीबद्दल काही सांगेल, निदान माझ्याबद्दल तरी.

"दादांना सांगू नकोस," तो म्हणाला. "त्यांना वाईट वाटेल."

त्यानंतर तो बोलला नाही. संध्याकाळी गेला. दिरांची मला किळस येते, पण खरा संताप येतो तो या वाक्याचा.

तेराव्याला पानं मांडली होती. दादा पाहुण्यांना सांगत होते, "माझ्या भावाला कोरोनानं नेलं." मी वाढता वाढता थांबले आणि कशाने नेलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. टाच, पोटरी, चहा, सगळं. दादा पानावरून उठले. त्यांना वाईट वाटलं. वाटू दे.