तीन शिलिंगांचे दोन रुपये

बाबा निवृत्त झाले तेव्हा आम्ही नैरोबीत राहत होतो. ते तिथे रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि माझा जन्मही तिथलाच. पेन्शन बसलं महिना तीनशे शिलिंग. त्यातून घरभाडं दिलं की पुढे भाजीपाल्याचीही ओढाताण होणार होती. एका संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "आपण मुरुडला जाऊन राहू."

"तिथं आपलं आहे कोण?" आईने विचारलं.

"आता कोणी नाही. पण तीन शिलिंगांचे दोन रुपये येतात. दोनशे रुपयांत आपण तिथं राजासारखे राहू."

बाबांनी लहानपणी काही सुट्ट्या मुरुडला काढल्या होत्या, तेवढाच आमचा त्या गावाशी संबंध. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. भारत मी पाहिलेलाही नव्हता, त्यामुळे मला त्या रात्री झोप लागली नाही.

दिवाळीच्या सुमारास आम्ही मुंबईहून आगबोटीने मुरुडला आलो. बोट खोल पाण्यात थांबली आणि आम्हाला ट्रंकांसकट मचव्यात उतरवलं. किनाऱ्याला लागेपर्यंत आई डोळे मिटून बसली होती. मी मात्र नारळांच्या त्या हिरव्या रांगेकडे बघत होते आणि तिथल्या एखाद्या झाडाखाली आपलं घर असणार, एवढ्यानेच मला हसू येत होतं.

घर मिळालं वीस रुपये भाड्याने. दोन खोल्या, ओटी, मागे विहीर आणि वाडी. घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मालकीणबाई राहायच्या. त्यांचे यजमान परदेशी जहाजावर नोकरीला होते. सगळी आळी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई बाजारात गेलो, आणि माझं डोकंच फिरलं. आम्हाला शंभर सेंटांचा शिलिंग ठाऊक. इथे रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. मला ते जमेना. मग मी प्रत्येक किंमत मनातल्या मनात शिलिंगात करून बघायला लागले. हाताएवढं पापलेट आठ आण्यांना, म्हणजे पाऊण शिलिंग! नैरोबीत समुद्राची मासळी मोंबासाहून बर्फात घालून आगगाडीने यायची आणि सणासुदीलाच आमच्या घरात शिरायची. इथे ती टोपलीत उड्या मारत होती. मी दोन घेतली. शिवाय कोलंबी घेतली, शहाळी घेतली, घरी न्यायला हमालही केला.

"अगं, पुरे," आई म्हणत होती, पण तिचाही हात थांबत नव्हता. मुंबईचा माल ठेवणाऱ्या एका दुकानात तिला डब्यातलं लोणी, कॉफी आणि मुरंबा दिसला. नैरोबीत सकाळी पाव-लोणी खायची आम्हाला सवय होती. तेही घेतलं. आठवड्याभरात आमच्याकडे पाणी भरायला एक बाई, धुण्याभांड्यांना दुसरी, स्वयंपाकाला तिसरी आणि वाडी बघायला एक म्हातारे गृहस्थ आले. बाबा ओटीवर आरामखुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजत.

वीस तारखेला पैशांच्या डब्यात सात रुपये राहिले. पुढची रक्कम एक तारखेनंतर येणार होती.

"राजाचे पैसे वीस तारखेलाच संपतात का हो?" आईने विचारलं. बाबा उठले. खुर्ची उचलून आत घेऊन गेले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी खाला आमच्या दारात आल्या. "तुमच्याकडून मासळी तळल्याचा वास येत नाही. कोणी आजारी आहे का?"

आईला रडू फुटलं. तिने सगळं सांगून टाकलं. खाला तिच्याजवळ बसल्या आणि आम्ही काय काय घेतलं ते विचारू लागल्या. लोण्याच्या डब्याची किंमत ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, माझ्या घरातही पैसा परदेशातूनच येतो. तो येतो महिन्यातून एकदा, आणि भूक लागते रोज. जे बोटीतून येतं ते बोटीच्या भावानं मिळतं. इथं पिकतं ते खा, तुम्हाला काही कमी पडायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि बेटी, ते शिलिंग आता सोड. तुझा शिलिंग तिकडे राहिला."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर बाजारात जाऊ लागले. पाव-लोण्याच्या जागी घावन आणि नारळाचं दूध आलं. पाण्याची बाई तेवढी ठेवली, बाकीचं काम आम्ही तिघांनी वाटून घेतलं. वाडी बाबांनी स्वतःकडे घेतली आणि पहिली वांगी आली त्या दिवशी ती शेजारीपाजारी दाखवून आले. नवं भात निघाल्यावर म्हसळ्याकडच्या एका शेतकऱ्याकडून खालांनी आम्हाला वर्षाचे तांदूळ घेऊन दिले. पोती बैलगाडीतून उतरली तेव्हा आई त्यांवर हात फिरवत उभी होती. वर्षभराचं अन्न एकदम घरात तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये सरकारने नवे पैसे आणले. आता रुपयाचे शंभर पैसे, आणि जुनी नाणीही चालूच. सगळं गाव गोंधळलं. खाला एक नवं नाणं घेऊन माझ्याकडे आल्या. "ही काय भानगड आहे, बेटी?"

मी ते तळहातावर घेतलं आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. शंभरांचा हिशेब तर माझा लहानपणापासूनचा. एका दुपारी मी खालांना तो शिकवला आणि संध्याकाळी आम्ही मासळीबाजारात गेलो. तिथे वादावादी चालली होती. बोंबलांचा वाटा होता दोन आण्यांना. दोन आण्यांचे नवे पैसे होतात साडेबारा, आणि अर्धा पैसा कोणाकडेच नव्हता. गिऱ्हाईक बारा देत होतं.

"बारा न्हाय, तेराच व्हतात. न्हायतर ठेव खाली," कोळीण म्हणत होती.

मी खालांना म्हटलं, "आपण दोघी मिळून दोन वाटे घेऊ. चार आण्यांचे बरोबर पंचवीस. कुणाचंच नुकसान नाही."

खालांनी ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. कोळणीने बोटांवर मोजून पाहिलं, मान डोलावली आणि वर मूठभर बोंबील टाकले. मग बाजारात बायका जोड्या जमवायला लागल्या. "तुला बोंबील हवेत का? चल, दोघी घेऊ." ज्यांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं अशा दोन जावासुद्धा त्या दिवशी एकत्र मासळी घेऊन गेल्या. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी बायका मला हाक मारून मोड मोजून घ्यायच्या. मला वाटायचं, आता मी या गावची झाले.

मे महिन्यात आम्ही आगोट भरली. पावसाळ्यात बोटी बंद, वाटा बंद, म्हणून चार महिन्यांचं सामान आधीच घरात घ्यायचं, त्याला आगोट म्हणतात. सुके बोंबील, सोडे, मिरची, मीठ, लाकूडफाटा सगळं जागेवर लागलं. त्या रात्री आईने पैशांचा डबा पुढ्यात ओतला. सव्वाशे रुपये शिल्लक होते. आमच्या घरात शिल्लक हा शब्दच नवा होता.

"काय करायचं यांचं?" बाबांनी विचारलं. त्यांच्या मनात एक रेडिओ होता, हे मला माहीत होतं.

आईने त्यांच्याकडे न बघता नोटा सारख्या केल्या. "हिला पुण्याला पाठवायची. मास्तरणीच्या ट्रेनिंगला. बाजारात अख्ख्या गावाला शिकवते, तर शाळेत का नाही शिकवणार?"

बाबा हसले. "सव्वाशात भागेल का?"

"पुढचं दर महिन्याला राहीलच की," आई म्हणाली. हे वाक्य ती इतक्या सहज बोलली, की मी उठून तिला मिठीच मारली.

जूनच्या आत, शेवटच्या बोटीने मी निघाले. मचव्यात बसताना खालांनी माझ्या हातात सुक्या कोलंबीचं गाठोडं दिलं आणि म्हणाल्या, "पुण्यात महाग मिळते."