चाकांवरचं कासवघर

माझ्या थोरल्या साडूंइतका घाबरट माणूस अख्ख्या अमिरातीत शोधून सापडणार नाही. शारजातल्या एकाच भाड्याच्या फ्लॅटमध्ये ते वीसेक वर्षं राहताहेत, पण भिंतीला त्यांनी एक खिळा ठोकलेला नाही. घर दुसऱ्याचं, देश दुसऱ्याचा, उगाच कुणी बोलायला नको! त्यामुळे घड्याळ फ्रिजवर उभं असतं आणि त्यांच्या आईवडिलांचा फोटो खुर्चीत बसलेला असतो. पाहुणे वाढले की बिचाऱ्यांना उठावं लागतं. टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्याची खोकी पलंगाखाली जपून ठेवलेली, कारण निघायची वेळ कधी येईल सांगता येत नाही. ऑफिसातून दिवाळीच्या शुभेच्छांचा फोन आला तरी ते आधी मला कळवतात, "एचआरचा फोन येतोय. बहुतेक खलास!"

अशा माणसाच्या गळ्यात दोन कासवं पडली, एक नर आणि एक मादी. समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांची नोकरी सुटली, ते कुटुंबासह घाईघाईने मायदेशी गेले आणि जाताना कासवं साडूंकडे देऊन गेले. नाही म्हणायचीही साडूंना भीती वाटते. बॉक्स टर्टल म्हणतात या जातीला. जमिनीवर राहतात आणि घाबरली की पोटाची ढाल मिटून पेटीसारखी बंद होतात. "अहो, ही तर आपल्यातलीच निघाली," साडू हरखून म्हणाले.

मग त्यांनी हॉलमध्ये घर बांधायला घेतलं. प्लायवूडचा लांबरुंद खोका, आत प्लास्टिकचं अस्तर, त्यावर नारळाचा ओला भुसा, लपायला आडवी कुंडी, पाण्याचं ताट आणि वर उबेसाठी दांडीला टांगलेला दिवा. सगळं झकास, फक्त खाली चार चाकं! "उद्या फ्लॅट सोडावा लागला तर?" आता चाकं आहेत म्हटल्यावर ती फिरणारच. सकाळी उन्हासाठी खिडकीशी, दुपारी एसीचा झोत लागू नये म्हणून कोपऱ्यात, दारावरची बेल वाजली की बेडरूममध्ये. झोत कुठे जातो ते कळावं म्हणून त्यांनी घरभर टिश्यूच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. लेक वैतागून म्हणायची, "बाबा, दे आर टर्टल्स, नॉट पेशंट्स!"

आणि मादीने खाणं सोडलं. साडू कट्टर शाकाहारी, लसणालाही नाक मुरडणारे. पण तिच्यासाठी चिमट्याने गांडुळं धुऊ लागले. ती पेटी काही उघडेना. साडूंचंही जेवण सुटलं, त्यांची बायको, म्हणजे आमची ताई, रडकुंडीला आली. शेवटी एका सकाळी फोन आला, "यल्ला, चला, गाडी काढा. ती जाणार बहुतेक." दुबईच्या ट्रॅफिकमध्ये ते मांडीवर डबा घेऊन बसले होते आणि मी ब्रेक लावला की तिची माफी मागत होते.

जनावरांचे डॉक्टर केरळचे. त्यांनी तिला तपासलं आणि विचारलं, "इसका घर कितनी बार हिलाते हो?"

"दिन में चार-पाँच बार. संभाल के, डॉक्टर."

"ये जगह पकड़ता है, भाईसाब. एक जगह रखो. बीमारी कुछ नहीं, डर है."

घरी येताच साडूंनी चाकं काढली. दांडीवर डुगडुगणाऱ्या दिव्याचीही तिला भीती नको, म्हणून तो आता भिंतीलाच टांगायला हवा होता. मी ड्रिल आणलं. "नातूरला आवाज गेला तर?" त्यांना वॉचमनची धास्ती. मी म्हटलं, मी करतो. पण त्यांनी ड्रिल माझ्या हातातून घेतलं, डोळे गच्च मिटले आणि भोक पाडलं. तिरकं पडलं, पण पडलं.

पुढचा आठवडाभर त्या घरात सगळे चवड्यांवर चालत होते. मग एका संध्याकाळी माझ्यासमोरच तिने मान बाहेर काढली, जरा इकडेतिकडे पाहिलं आणि गांडूळ गिळलं. साडू चष्मा काढून पुसत राहिले.

"ही चाळीस-पन्नास वर्षं जगतात म्हणे," ते म्हणाले. "मला काढलं तर यांना हलवता येणार नाही. तुम्ही याल ना राहायला इथे?"

"येईन की," मी म्हटलं.

माझाही व्हिसा नोकरी असेतोवरच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी समाधानाने मान हलवली. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.