बोर्डिंगात माझ्यासाठी वर झालेले हात

किसन गेल्याचा निरोप त्याच्या मुलानं आणला, त्याला आता महिना होईल. त्याच्यावर लिहायला बसलो की कारंजा गावातली ती दुपार आठवते...

स्वातंत्र्याच्या थोडं आधीची गोष्ट. मी इंझोरीच्या कुणब्याचा, किसन धनजचा महार. कारंज्याच्या शाळेत आम्ही एका वर्गात. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी पंगतीला बसून जेवलो. हे कानावर जाताच आमच्या जातीच्या वसतिगृहानं दुसऱ्याच दिवशी माझी वळकटी बाहेर ठेवली. मॅट्रिकचं वर्ष होतं. घरी परतलो असतो तर शिक्षण तिथंच संपलं असतं. म्हणून मी किसनच्या बोर्डिंगात जागा मागितली. महार मुलांसाठी त्यांच्याच वडीलधाऱ्यांनी गावोगाव धान्य मागून ते उभं केलं होतं. तिथले गुरुजी म्हणाले, "राहायचं पोरांना आहे, पोरंच ठरवतील."

मी ओसरीवर बसलो होतो आणि आत माझाच फैसला चालला होता. सगळ्यांत मोठा सुखदेव म्हणाला, "आपल्याले जन्मभर दारं लावली लोकायनं. आता आपनही लावाचं काय?" टाळ्या पडल्या. मग किसनचा आवाज आला, आणि तो चक्क माझ्याविरुद्ध! "लग्नाची पंगत माह्या घरची व्हती. बोर्डिंग माह्या घरचं नाही. साऱ्या गावात ही एकच जागा हाये, जिथं आपन मान वर करून बसतो. अन् शेलूबाजारचं पोरगं कवापासून वाट पाहून राह्यलं. याले जागा देली, तं त्यानं कुठं जाव?"

मला संताप आला. पण त्यात खोटं काय होतं?

किसन पुढं म्हणाला, "पन तो माह्यापायी उघड्यावर पडला. त्याले वेगळी जागा नोका देऊ. माह्या चटईवर निजन तो."

आणि मग नुसता गलका! खिडकीतून पाहिलं, तर एकजात सगळे हात वर झालेले. सुखदेव दारातून ओरडला, "आत ये बे!"

पंधरा दिवसांनी बाबा गाडी जुंपून आले. "चाल घरी, प्राच्छित घेऊ," म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. किसननं पाण्याचा गडवा पुढे केला. बाबांनी तो पाहिला, पण घेतला नाही. गाडीत जाऊन बसले... आणि पुन्हा उतरले. ज्वारीचं पोतं पाठीवर आणून ओसरीवर टाकलं नि किसनकडे पाहत म्हणाले, "त्याच्या एकट्यासाठी नाही. साऱ्यायले हाये."

गाडी वळायच्या आत किसन पोत्यावर चढून नाचायला लागला. "अबे, आयकलं का? साऱ्यायले म्हनला!"

पुढं जन्मभर तो आमच्याकडे जेवायला आला की बाबांच्या त्या 'साऱ्यायले हाये'ची नक्कल करायचा. परवा ताटं मांडताना माझी नात थेट त्याच्याच आवाजात ओरडली, "चला, साऱ्यायले हाये!" आणि आम्ही सगळे जेवायला बसलो.