ज्योतीरामचे पन्नास रिकामे डबे

ज्योतीरामला बुद्धरत्नाचं चांगलं झालेलं सोसत नाही, हे चाकणच्या आमच्या कंपनीत गेटवरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. मी टाइम ऑफिसात. कोण उशिरा आला, का आला आणि कुणावर तणतणत आला, सगळं माझ्याच खिडकीवरून जायचं. तेव्हा हे ऐकीव समजू नका.

ज्योतीराम कळंबकडचा. एकोणतीस वर्षं त्याने स्टोअर सांभाळलं. बुद्धरत्न लॅबमध्ये. भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाचा नमुना त्याच्याकडे यायचा, जाड बिस्किटाएवढी चकती. हा ती यंत्रावर ठेवायचा, चर्र करून ठिणगी उडायची आणि पडद्यावर उमटायचं : कार्बन इतका, सिलिकॉन इतकं, मँगनीज इतकं. त्याने मान हलवल्याशिवाय लोखंड साच्यात ओतत नसत. भट्टीवाले त्याला ‘साहेब’ म्हणायचे. ज्योतीरामला म्हणायचे, ‘ओ स्टोअर!’

वर लॅबला एसी. “मशीनला लागतो रे, मला नाही,” बुद्धरत्न सांगायचा. ज्योतीराम माझ्या खिडकीशी येऊन कुजबुजायचा, “बघ दत्तोबा, मशीनच्या नावानं गार वारा खायलाय.”

चार वर्षांपूर्वी दोघं दोन महिन्यांच्या अंतराने निवृत्त झाले. वाटलं, आग विझली. पण दोघांची घरं पिंपळे गुरवमध्ये, दोन गल्ल्या सोडून. आणि मधल्या गल्लीत मी. विझेल कशी?

गेल्या वर्षी थेरगावातल्या एका शाळेत विज्ञानाची खोली तयार झाली. तिथल्या विजयश्री मॅडमनी ठरवलं, समोरच्या भिंतीवर आवर्तसारणी लावायची, पण छापील नको. प्रत्येक मूलद्रव्याला एक खाना आणि मिळेल तिथे खान्यात खरा तुकडा. जो देईल त्याचं नाव खाली पितळी पट्टीवर. बुद्धरत्नाने ते काम अंगावर घेतलं, निम्म्याहून जास्त खाने भरले आणि मग चहा पिताना मला सांगितलं. तो चहा पचायच्या आत मी ज्योतीरामच्या दारात.

“किती खाने?” त्याने विचारलं.

“एकशे अठरा.”

“भरले किती?”

“चौसष्ट. टेस्टरमधल्या बारक्या दिव्यात निऑन असतो म्हणे, तो दिवाच बसवलाय. मेहुण्याच्या पायातून काढलेला स्क्रू टायटॅनियमचा निघाला, तोही.”

“लोकांचे पाय मोडायची वाट बघत बसतो का काय!” ज्योतीराम म्हणाला आणि बशी अशी ठेवली की टवका उडाला.

दुसऱ्या दिवसापासून तो कुदळवाडीच्या भंगारात. जुन्या मोटारीतलं तांबं, बॅटरीतलं शिसं, नळाच्या तोटीवरचं क्रोमियम. दोन महिने घाम गाळून गाडी एक्केचाळिसावर अडली. त्याची बायको रंभावहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या, “वयानं गाठलंय की चौसष्ट, तेवढ्यावर समाधान माना.”

त्याच दुपारी ज्योतीराम मला ओढत शाळेत घेऊन गेला. मॅडमसमोर बसला आणि थेट म्हणाला, “एकशे अठराच्या पुढं काय हाय?”

“पुढचं अजून कुणाला सापडलेलं नाही, काका. एकशे अठराला सातवी ओळ भरली. पुढे आठवी असेल असं गणित सांगतं. काहींच्या मते तिच्यात पन्नास मूलद्रव्यं असतील. पण ती बनतील का, बनली तर क्षणभर तरी टिकतील का, ते कुणी सांगावं?”

“नंबर हायत?”

“आहेत की. आकड्यांवरून पाडलेली तात्पुरती नावंही आहेत. एकशे एकोणीसचं अनअनएनियम.”

ज्योतीराम खुर्चीत पुढे सरकला. “नंबर हाय, नाव हाय, फक्त माल नाही. मॅडम, आमच्यात ह्याला नवा पार्ट म्हणतात. माल यायच्या आधी नंबर पडतो, रॅकवर जागा ठरते, लेबल लागतं. मग माल झक मारत येतो!”

मॅडम हसल्या. म्हणाल्या, ही सारणी मांडणाऱ्या रशियातल्या मेंडेलीव्हनेही दीडशे वर्षांपूर्वी अशाच जागा रिकाम्या सोडल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच पुढे भरल्या.

“मग तो गडी स्टोअरचाच असणार,” ज्योतीराम म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने दुसऱ्या माणसाचं कौतुक केलं, तेही तो हयात नाही याची खात्री करून.

त्याचं रॅक दिवाणखान्यात दारापासून खिडकीपर्यंत पसरलं. वर एकशे अठरा खाने आणि तळाला आठव्या ओळीत पन्नास लाल डबे. प्रत्येकावर लेबल : नंबर, नाव, शिल्लक शून्य. रंभावहिनींनी एकशे एकोणीसमध्ये मोहरी ओतली, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

दोघांतलं एक रॅक निवडू, असं मॅडमनी सांगितलं होतं. त्या निवडीच्या दिवशी दोन्ही रॅक शाळेच्या खोलीत आमनेसामने ठेवली. भिंतीवर मावणार एकच. मुलं आधी बुद्धरत्नाच्या रॅककडे गेली, तांब्याला हात लावला, टेस्टरचा दिवा बघितला. मग जी लाल डब्यांशी चिकटली ती हलेनात. झाकणं उघडायची, आत बघायची.

“आजोबा, यात काय आहे?”

“अजून काय न्हाई.”

“कधी येणार?”

“आला की पहिल्यांदा हितंच ठेवायचा. जागा राखून ठेवलीय.”

बुद्धरत्न बाजूला उभा राहून ऐकत होता. मग वाकला आणि एकशे सव्विसाव्या डब्यात बोट घालून तळ चाचपला. उठला तो मॅडमना म्हणाला, “ज्योतीभाऊंचंच लावा.”

“अहो, पण तुमचे चौसष्ट भरलेत.”

“असू द्या. माझं मशीन ज्यांची ओळख करून दिलीय तेवढीच ओळखायचं. चोवीस मूलद्रव्यं. पंचविसावं समोर आलं तरी गप्प. मीही तसाच झालो. पुढच्याला जागा ठेवावी, हे मला सुचलंच नाही. याला सुचलं.” मग हसून म्हणाला, “जळलो राव थोडा. खोटं कशाला बोलू?”

एवढं एक वाक्य ऐकायला ज्योतीराम तीस-बत्तीस वर्षं थांबला होता. मी मान वळवून त्याचा चेहरा बघितला. कच्चं कारलं चावल्यासारखा! त्याने माझी बाही धरली आणि मला व्हरांड्यात ओढलं.

“बघितलंस? हितं बी पुढं गेला!”

“अरे, तू जिंकलास!”

“कसला जिंकलो? जळलो म्हणाला. चारचौघांत! हसत! आन् मी एवढी वर्षं आतल्या आत धुपतोय, मला एकदा तरी असं म्हणता आलं का?”

नाही आलं. तो व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आत गेला आणि घसा खाकरून म्हणाला, “मॅडम, करवत हाय का?”

शिपायाने आणून दिली. ज्योतीरामने आपलंच रॅक सातव्या ओळीखाली कापायला घेतलं. “ह्याचे चौसष्ट वर राहू द्या. माझ्या एक्केचाळिसात काय दम नाही. माझी फक्त आठवी ओळ खाली लावा.”

“ज्योतीभाऊ, एवढं मोठं मन!” बुद्धरत्न म्हणाला आणि दुसरं टोक धरायला धावला.

“धर नीट. आन् कौतुक करू नको, करवत तिरकी जाती.”

त्याने वरचढ होण्यासाठीच ते केलं, हे मला शंभर टक्के माहीत आहे. पण कापलं सरळ. आता भिंतीवर वर बुद्धरत्नाची सारणी आहे, खाली ज्योतीरामचे पन्नास डबे, आणि पितळी पट्टीवर दोघांची नावं. पट्टी लागल्याबरोबर ज्योतीरामने फूटपट्टी घेऊन दोन्ही नावांच्या अक्षरांची उंची मोजली. सारखी भरली. हसला.

मला वाटलं, आता माझ्या करमणुकीचं काय? तर परवा चहाच्या टपरीवर बुद्धरत्न सहज म्हणाला, “जपानात ते लोक एकशे एकोणीसच्या मागे लागलेत. कितीतरी वर्षं चाललंय.”

ज्योतीरामचा ग्लास ओठाशी थांबला. “आन् मिळालं तर?”

“तर नाव ते ठेवणार. लेबल बदलावं लागेल.”

“डबा?”

“डबा तुझाच. पण कुणी विचारलं की नाव जपानचं निघणार.”

त्यानंतर ज्योतीराम रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी मॅडमना गाठतो आणि विचारतो, अजून नाही ना सापडलं? त्या नाही म्हणाल्या की चेहरा उजळतो. काल येताना मला म्हणाला, “दत्तोबा, हे जपानी लई उतावळे. असं काय अडलंय त्यांचं?”