सीवरून एफवर जाताना

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला त्या वर्षी मी परभणीत काकांकडे राहून कॉलेजात जात होतो आणि घरच्यांना न सांगता गिटार शिकत होतो. शिकवणारे एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. तिशीचे असतील. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. ते बौद्ध वस्तीत राहत, आणि आम्ही पेडगावचे जमीनवाले. घरी न सांगण्याचं कारण तेच होतं.

माझं गाडं सी कॉर्डवरून एफवर जाताना अडायचं. एफ धरायला पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं. बोट दुखायचं, तारा बद्द वाजायच्या, आणि तोवर ताल पुढं निघून जायचा.

"तू बोटं लय वर उचलायलास," उस्ताद एकदा म्हणाले. "सगळ्या तारा दाबूच नको. सीमधलं पहिलं बोट जिथं हाय तिथंच राहू दे. नुसतं जरा आडवं पाड, म्हंजी खालची बारीक तारबी दबल. बाकीची दोन बोटं एकेक तार खाली सरकीव. झाला एफ. छोटा हाय, पर चालतो."

मग त्यांनी मला उजवा हात मांडीवर ठेवायला लावला. तारा छेडायच्याच नाहीत. नुसती डाव्या हाताची बोटं सीवरून एफवर, एफवरून सीवर, सावकाश. आठवडाभर मी त्यांच्याच गिटारवर असं मुक्यानंच वाजवलं आणि हळूहळू जमायला लागलं.

चारठाण्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांना त्यांची जुनी गिटार विकायची होती. "मी पारखून देतो," म्हणत उस्ताद माझ्याबरोबर आले. गिटार घेऊन आम्ही दुपारच्या एसटीनं परत निघालो. जिंतूर मागं पडलं आणि एका फाट्यावर बस थांबली. रस्त्यावर बाभळ तोडून आडवी टाकलेली. सात-आठ माणसं, हातात काठ्या. त्यातले दोघं वर चढले.

एकेकाला आडनाव विचारत ते पुढं सरकत होते. उस्ताद खिडकीशी होते. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता.

मी माझं आडनाव सांगितलं.

"आन ह्यो?" त्यातल्या एकानं विचारलं.

"चुलतभाऊ हाय माझा." मी म्हणालो.

"गाव?"

"पेडगाव."

त्यानं उस्तादांकडं बराच वेळ बघितलं. मग काठीनं माझ्या मांडीवरची पिशवी टोचली. "ह्याच्यात काय?"

"गिटार."

"मोर्च्यात गाणी म्हणायला?"

"न्हाई हो. शिकायलोय."

"मग वाजीव. देवाचं वाजीव कायतरी."

मी गिटार बाहेर काढली. सी धरला, छेडला. एफवर जाताना सगळी बोटं हवेत गेली आणि कुठं ठेवायची ते सुचेना. तारा बद्द वाजल्या. तो माणूस हसला नाही, नुसता बघत राहिला.

खिडकीबाहेर बघतच उस्ताद पुटपुटले, "पहिलं राहू दे."

मी पहिलं बोट जागीच दाबून धरलं, बाकीची दोन सरकवली. एफ वाजला. परत सी. गावातल्या एका भजनाची चाल दोन ओळींपुरती कशीबशी निघाली.

"जाऊ द्या मालक," पुढून कंडक्टर म्हणाला. "पोरगं शिकाऊ हाय. गाडीला उशीर व्हायलाय."

ते दोघं उतरले. बाभळ बाजूला ओढली गेली.

मी गिटार परत पिशवीत घातली. परभणीच्या स्टँडवर उतरल्यावर उस्ताद थांबले.

"चुलतभाऊ म्हणालास. चल मग काकाच्या घरी. चहा पाजीव."

ते थट्टा करत नव्हते. मला काकूंचा चेहरा दिसला, दारातून डोकावणारे शेजारी दिसले. बसमधलीच भीती परत आली. मी पिशवीचा बंद आवळत राहिलो. त्यांनी वाट पाहिली.

"तिथं वाचिवलंस, ते इसरणार न्हाई," ते शेवटी म्हणाले. "पर इथं तर कुणाच्या हातात काठी न्हाई रे."

ते निघून गेले. पुढच्या मंगळवारी मी शिकायला गेलो. त्यांनी सतरंजी अंथरली, नेहमीसारखं शिकवलं, तो विषय काढला नाही. पण वस्तीतून बाहेर पडताना कुणी बघेल म्हणून मी आता सारखा मागं वळून बघू लागलो. पूर्वी एवढं बघत नसे. तीन आठवड्यांनी मी जाणंच थांबवलं. निरोपही पाठवला नाही.

त्या हिवाळ्यात एकदा बाजारात ते समोरून आले. त्यांनी मान हलवली. मीही हलवली आणि बाजूच्या कापडाच्या दुकानात शिरलो. काय पाहिजे म्हणून दुकानदारानं दोनदा विचारलं. ते पुढं निघून गेले का, ते मी बघत होतो.