डोळेसर आणि अंजूरची गरम अंडी

डोळेसरांना स्वतःचा चष्मा पुसायची अक्कल नव्हती, आणि जगाला ते डोळा समजावून सांगत. कोंबडीच्या पिल्लाचं दृष्टिपटल अंड्यात कसं घडतं, यावर त्यांनी भिवंडीतल्या आमच्या कॉलेजात हयात घालवली. म्हणून डोळेसर. माझी पीएचडी त्यांच्याच हाताखाली होती, म्हणजे माझं नशीबच बघा.

दृष्टिपटलातल्या पेशींच्या अंगावर काही प्रथिनं असतात. त्यांच्या आधाराने त्या शेजारणीला धरून आपापल्या जागी बसतात. ती प्रथिनं बनवणारं जनुक अंडं उबवायला ठेवल्यापासून कितव्या दिवशी कामाला लागतं, हे आम्ही बघत होतो. सगळा खेळ दिवसांचा. त्यामुळे सरांचं पालुपद एकच: "विद्वान, आधी तारीख, मग अक्कल." प्रत्येक अंड्यावर ते पेन्सिलीने स्वतः तारीख घालत. आपल्या जेवणाच्या डब्यावरही घातली असती.

अंडी जवळच्या अंजूर गावच्या एक मावशी रिक्षाने आणून देत. त्या अंड्यांत आमचं जनुक पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा दोन दिवस आधीच जागं झालेलं दिसलं, आणि सर हवेत. पुण्याच्या परिषदेत हा शोध सांगायचा ठरला. माझा प्रबंधही त्यावरच उभा. अंडी फोडल्यावर आतली पिल्लं मला वयाच्या मानाने मोठी वाटत होती. दोनदा बोलले. "गावठी आहेत, दणकट असणारच," सर म्हणाले. अंडी हाताला गरम लागतात म्हटलं, तर म्हणे भिवंडीचं ऊन. मोठे शास्त्रज्ञ पडले ना.

परिषदेला आठवडा असताना मावशी मला सहज म्हणाल्या, "सरांचं एक बी पिल्लू भायेर येत न्हाय, असं शिपाई म्हनला. मला वाईट वाटलं. म्हनून दोन दिस खुडूक कोंबडीखाली ठेवते, मंगच आनते."

म्हणजे आमचं जनुक वेळेवरच जागं होत होतं, अंड्यावरची तारीखच दोन दिवस उशिराची होती. गप्प बसले असते तर डॉक्टर झाले असते. दोन दिवस बसलेही. मग राहवेना, सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा नीट पुसला. "तू दोनदा बोललीस. मीच ऐकलं नाही." पुण्याला जाऊन भर सभेत त्यांनी आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगितली. लोक हसले. माझी दोन वर्षं मातीत गेली. सहा महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

मावशींना मात्र या शूर माणसाने कधीच काही सांगितलं नाही. प्रयोगाची अंडी दुसरीकडून आणायला लागले, आणि मावशींची गरम अंडीही घेत राहिले. ती पूर्ण उबवून एकदा तीन पिल्लं खोक्यात घालून त्यांच्यापुढे ठेवली. "तुमच्या कोंबडीमुळे जमलं," म्हणाले. मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

माझा प्रबंध मंजूर झाला तेव्हा सर जाऊन चार महिने झाले होते. पेढे घेऊन मी अंजूरला गेले. मावशी म्हणाल्या, "सरांसारकं तुजं बी जमलं म्हन की." मी हो म्हटलं. मग परतीच्या रिक्षात बसून त्या वेंधळ्या माणसासाठी काल्हेर येईपर्यंत रडले.